‘गेली हो तुमची मेल’

मास्तरांनी मला फसवलं. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, कारण मेलचा विषय वरच्या ओळीत लिहायचा, वाचणाऱ्याला खाली शोधायला लावायचा नाही, हा मास्तरांचाच नियम होता. लोखंड कातायची जुनी लेथ मशीन घ्यायची आणि विकायची यात माझं आयुष्य गेलं. वरून रंग मारून नवी केलेली मशीन मी लांबूनच ओळखतो. दलाल, भंगारवाले, लिलाववाले, कुणाकडूनही मी कधी फसलो नाही. फसलो तो सायकलवरून हिंडणाऱ्या एका निवृत्त तारमास्तराकडून. आणि फसवण्याची त्यांची पद्धतही ठरलेली होती. चष्मा कपाळावर सरकवायचा, माझ्याकडे बघून मान हलवायची आणि शांतपणे म्हणायचं, “गेली हो तुमची मेल.”

तुमच्यापैकी काही जण मास्तरांच्या ई-मेल ग्रुपवर होतात. काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, आणि त्याचा हिशेब मी तुमच्याशी नंतर करणार आहे. जे नव्हते त्यांच्यासाठी मुळापासून सांगतो.

मास्तरांची सगळी नोकरी तार ऑफिसात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांच्या वयाची माणसं सकाळी रंकाळ्यावर फिरायला जायला लागली, तर मास्तर राजारामपुरीतल्या एका सायबर कॅफेत कॉम्प्युटर शिकायला गेले. ते तिथंच रमले. कोपऱ्यातली खुर्ची त्यांची झाली. मग त्यांनी ई-मेलचा एक ग्रुप काढला. उद्यमनगरातले टर्नर, शिरोलीचे फौंड्रीवाले, इचलकरंजी-गडहिंग्लजचे वर्कशॉपवाले आणि पुण्याला, अमेरिकेला गेलेली आमची इंजिनियर पोरं असे सगळे त्यात होते. पत्ता एकच. त्या पत्त्यावर मेल टाकली की सगळ्यांना जायची. कुणाचा गिअर तुटला, कुणाला जुन्या मशीनचा पार्ट हवा, कुणाच्या ओतकामात बुडबुडे राहतात, सगळं तिथं बोलायचं.

पण मेल थेट जायची नाही. आधी मास्तरांच्या टेबलावर यायची. ते ती उघडायचे, वाचायचे, वाचताना उजव्या हाताचं बोट टेबलावर तारेच्या यंत्रासारखं कट्ट-कडकट्ट वाजायचं, आणि मग बटण दाबायचे. तेव्हा ती पुढं सुटायची.

“तुम्ही वाचता कशाला सगळ्यांचं?” मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

“तारही आम्ही वाचूनच पाठवायचो,” ते म्हणाले. “पण शब्द बदलायचा अधिकार तारमास्तराला नाही, पावणं. आलेला मजकूर जसाच्या तसा. एकानं मेव्हण्याला शिव्यांची तार केली होती. काउंटरवर पैसे भरून, शब्द मोजून शिव्या. मी पाठवली. आमचं काम पोचवायचं.”

हे ऐकून मला माणूस पसंत पडला. धंद्यात असा माणूस सापडत नाही.

मास्तरांचे नियम पुष्कळ होते आणि ते प्रत्येक नव्या माणसाला समोर बसवून सांगायचे. खाली स्वतःचं नाव आणि गाव लिहायचं. एका मेलमध्ये एकच विषय. नुसतं ‘धन्यवाद’ लिहून सगळ्यांना उठवायचं नाही. आणि उत्तर देताना समोरच्याची आख्खी मेल खाली चिकटवायची नाही. या चिकटवलेल्या मजकुराला ते शेपटी म्हणायचे. अमेरिकेतला एक इंजिनियर दोन ओळी लिहायचा आणि खाली महिनाभराचं जुनं बोलणं लोंबकळत सोडायचा. मास्तरांनी त्याला कळवलं, “आपली मेल मिळाली. शेपटी कापून पुढे पाठवत आहे. दुखल्यास कळवावे.” पुढं पुढं मास्तर सगळ्यांच्याच शेपट्या कापायला लागले. या शेपटीवर लक्ष ठेवा. मी ठेवलं नाही, तिथंच फसलो.

माझी आणि नियमांची पहिली टक्कर झाली ती मोठ्या अक्षरांवरून. आम्ही मराठीच लिहायचो, पण इंग्रजी अक्षरांत. मशीनवरच्या पाट्या मोठ्या अक्षरांत असतात, बिलं मोठ्या अक्षरांत असतात, म्हणून मीही सगळं मोठ्या अक्षरांत ठोकायचो.

मास्तर म्हणाले, “पावणं, ओरडताय कशाला?”

“मी? मी गप बसलोय की हितं!”

“मेलमध्ये ओरडताय. मोठी अक्षरं म्हणजे ओरडणं, असा जगभर रिवाज आहे.”

“मग जगाला कळवा, कोल्हापुरात आमी असंच बोलतो. हळू बोललं तर माणूस आजारी हाय का काय म्हणून घरी बघायला येत्यात.”

मास्तर एवढे हसले की चष्मा कपाळावरून पुन्हा नाकावर आला. पण नियम काही मोडला नाही. मला लहान अक्षरं करायचं बटण दाखवलं आणि त्या बटणावर पांढऱ्या रंगाचा ठिपका काढून दिला.

दुसरी गोष्ट याहून वाईट. इचलकरंजीच्या एका गिऱ्हाइकानं ग्रुपवर विचारलं, अमुक लेथ आहे का आणि शेवटचा भाव काय. मी त्याला शेवटचा भाव लिहून टाकला. त्याला एकट्याला लिहितोय असं मला वाटलं, पण ते उत्तर गेलं सगळ्यांना. त्याच लेथसाठी दुसऱ्या एका माणसाला मी बराच वरचा भाव सांगून ठेवला होता. तो दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच दारात उभा.

मी तणतणत कॅफेत गेलो. “मास्तर, तुमी माझा भाव सगळ्या दुनियेला का सांगितला?”

“तुम्ही सांगितलात. मी पोचवला.” मग म्हणाले, “तुमचे वडील वडगावच्या बाजारात जनावरांची दलाली करायचे ना? भाव कसा ठरायचा?”

“रुमालाखाली. बोटं धरून. दोघांशिवाय तिसऱ्याला कळत न्हाय.”

मास्तरांनी खिशातून आपला चौकडीचा रुमाल काढला आणि कीबोर्डवर ठेवलेल्या माझ्या हातावर पसरला. “हे खाजगी उत्तर,” ते म्हणाले. मग रुमाल झटकन ओढला. “आणि हे काल तुम्ही केलंत. बोटं पार अमेरिकेपर्यंत दिसली.”

तेव्हापासून ग्रुपवर तो शब्दच पडला. ‘भाव रुमालाखाली कळवा’ असं पुण्याचे इंजिनियरही लिहायला लागले. मला मान मिळाला असं कुणी म्हणेल. माझी लेथ गेली स्वस्तात, ते कुणी म्हणत नाही.

आणखी एकदा कुणीतरी मला देवाचं चित्र पाठवलं, अकरा जणांना पुढं पाठवा नाहीतर नुकसान होईल असं खाली लिहिलेलं. धंद्याचा माणूस मी. धोका कशाला घ्या म्हणून ग्रुपवर टाकलं. मास्तरांनी ते अडवलं. मी भांडायला गेलो तर म्हणाले, “देवाला माझा पत्ता ठाऊक आहे. त्याला काही कळवायचं असेल तर तुमच्यामार्फत कळवणार नाही.” तरी आठवडाभर मी जपून होतो.

आता मुद्द्यावर येतो.

यासीन माझा जुना भागीदार. धंदा आम्ही दोघांनी मिळून सुरू केला. पुढं तो गडहिंग्लजला स्वतःचं वर्कशॉप काढून गेला आणि मी कोल्हापुरात राहिलो. भांडून नाही. तो मशीन चालवणारा, मी मशीन विकणारा, एवढाच फरक. मशीन लागली की तो माझ्याकडूनच घ्यायचा, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक. आणि या यासीननं एके दिवशी ग्रुपवर लिहिलं: कोल्हापूरहून आणलेल्या लेथच्या बेडला तडा निघाला आहे, घेणाऱ्यांनी नीट बघून घ्यावं.

माझं नाव लिहिलं नव्हतं. गरजच काय? लेथचा बेड म्हणजे मशीनचा कणा. तडा गेलेला बेड विकला असं एकदा माझ्या नावावर लागलं असतं, तर उद्यमनगरात मला कुणी दारात उभं केलं नसतं. हातात फोन होता, त्यानं फोन केला नाही. चारचौघांत लिहिलं. बाजारात नाव जाणं एक, पण ते यासीनच्या हातून जाणं, याची आग वेगळी होती.

मी कॅफेत गेलो आणि लिहायला बसलो. पांढऱ्या ठिपक्याच्या बटणाकडे बघितलंसुद्धा नाही. सगळी मोठी अक्षरं. त्यात यासीनच्या वर्कशॉपचा, त्याच्या मेव्हण्याचा आणि त्याला लेथ शिकवणाऱ्या उस्तादाचाही उद्धार केला. शेवटी लिहिलं, आजपासून तू मला मेलास.

मास्तरांनी ती वाचली. पहिल्यांदाच बोट टेबलावर वाजलं नाही.

“जेवलात का?” त्यांनी विचारलं.

“न्हाय.”

“मग जेवून या. उपाशी माणसाची मेल घ्यायची नाही, असा नियम आहे.”

“असला कुठला नियम? कवा केलासा?”

“आत्ताच.”

“मास्तर, तारेतला शब्द कधी बदललाय तुमी?”

“कधीच नाही.”

“मग ही पण जशीच्या तशी जायला पायजे. तुमचं काम पोचवायचं.”

त्यांनी मेल पुन्हा एकदा वरपासून वाचली. मग म्हणाले, “आज थोडी गर्दी आहे. उद्या जाईल.” दुसऱ्या दिवशी मी जिना चढायच्या आतच चष्मा कपाळावर गेला होता. “गेली हो तुमची मेल.”

यासीनचं उत्तर ग्रुपवर आलं. शेपटी नव्हती, नुसतं उत्तर: “तुझं म्हणणं पटलं. गडहिंग्लजला ये. मशीन दोघं मिळून बघू.”

बघितलंत? चांगला दम भरला की माणूस वठणीवर येतो, हे मी आयुष्यभर सांगत आलो होतो. इथं पुरावाच मिळाला. मी यष्टीत बसून गडहिंग्लजला गेलो, छाती पुढं काढून. यासीन स्टँडवर स्वतः घ्यायला आलेला. म्हणाला, “ये मर्दा, किती वाळलास!” आता अशा माणसाशी भांडण सुरू तरी कुठून करायचं? वर्कशॉपात गेलो तर चहा तयार. चहा झाल्यावर बॅटरी घेऊन आम्ही दोघं लेथखाली घुसलो. तडा आतून लखलखीत होता. जुन्या तड्यात तेल आणि मळ बसून तो काळा पडतो. हा ताजा होता. ट्रकवरून उतरवताना ट्रकवाल्यानं मशीन आपटली होती.

मग आम्ही दोघांनी मिळून त्या ट्रकवाल्याला फोन लावला. एका बाजूनं यासीन, एका बाजूनं मी. इतक्या वर्षांनी असे एका सुरात ओरडलो की शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं काम थांबवलं. यासीननं ग्रुपवर लिहिलं की तडा उतरवताना गेला, मशीन चांगली होती. माझं नाव राहिलं. आणि यासीनकडं ईदला आणि माझ्याकडं दिवाळीला जेवणं पुन्हा सुरू झाली.

कोल्हापूरला आल्यावर मी मास्तरांना सुनावलं, “बघा! तुमी म्हणत होता जेवून या. जेवून आलो असतो तर एवढं काम झालं असतं व्हय?”

“असं म्हणता?” मास्तर म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

त्यानंतर मी काय थांबतोय? कुणी वेळेत माल दिला नाही की मी कॅफेत. शिरोलीच्या एका फौंड्रीवाल्याला असं झाडलं की तो दुसरा असता तर पोलिसांत गेला असता. त्याचं उत्तर: “उशिराबद्दल क्षमस्व, आपण समजून घेतलंत हे विशेष.” मी काहीएक समजून घेतलं नव्हतं. अमेरिकेतल्या त्या शेपटीवाल्यानं लिहिलं की जुन्या लेथ भंगारात घालाव्यात. माझ्या पोटावर पाय! त्याला मी पानभर शिव्या घातल्या. त्याचं उत्तर आलं: “आपल्या प्रश्नामुळे मी पुन्हा विचार करू लागलो.” मी कुठला प्रश्न विचारला होता, ते मला आठवेना. पण माणूस नमला होता, मग खोलात कोण जातो?

तुम्ही म्हणाल, स्वतःची मेल ग्रुपवर परत बघितली नाहीस का? मास्तरांनी मला आधीच सांगितलं होतं, “स्वतःची मेल परत स्वतःलाच कशाला? डबा भरतो.” आणि ती सोय माझ्यापुरती बंद करून टाकली होती. मीही म्हटलं बरोबर आहे. विकलेल्या मशीनकडं मी कधी वळून बघत नाही.

मग मास्तर वारले. थोड्या दिवसांच्या आजारात, फारसं कुणाला न कळवता. ग्रुपच्या मंडळींनी एका हॉलमध्ये शोकसभा ठेवली. त्यांच्या फोटोतला चष्मा नाकावर होता, त्यामुळं ते दुसऱ्याच कुणाचे तरी मास्तर वाटत होते. सगळे आले होते. इतकी वर्षं नुसती मेलवर बोललेली माणसं पहिल्यांदा एकमेकांची तोंडं बघत होती.

पुण्याहून आलेला एक इंजिनियर माझं नाव ऐकून पुढं आला आणि माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, “तुम्हीच का ते? तुमच्या मेल मी आमच्या ऑफिसातल्या मुलांना दाखवतो. मतभेद किती सभ्यपणे मांडता येतो म्हणून.”

मला वाटलं चेष्टा करतोय. “कसल्या मेल?” मी म्हटलं. शोकसभेच्या मानानं माझा आवाज जरा मोठा गेला असावा, कारण सगळा हॉल वळला. यासीननं माझी बाही धरून मला बाहेर चहाच्या गाड्यावर नेलं.

“आता बोंबलू नकोस,” तो म्हणाला. “तुझी भांडणाची एक पण मेल मास्तरांनी तू लिवलेली पाठवली न्हाय.”

“म्हंजे?”

“तू लिवायचास, ते वाचायचे आणि नवी लिवायचे. तुझ्या नावानं.”

“गडहिंग्लजची ती पण?”

“ती तर मला पाठ हाय.” आणि त्यानं गाड्यावर उभ्या उभ्या म्हणून दाखवली: “यासीन, हातगाडीवरून भंगार आणायचो तेव्हा चढाला पुढं तू असायचास. तुझ्या मशीनला तडा असेल तर तो आधी मी बघायला पाहिजे. येतो. चहा ठेव.”

मी मग म्हटलं, “हे मी लिवलेलं न्हाय.”

“म्हायती हाय की! तू जन्मात कधी ‘चहा ठेव’ म्हणालास व्हय? ‘चहा आण’ म्हणतोस.”

“मग इतकी वर्सं गप का बसलास?”

“बरं चाललंतं की, मर्दा.”

“आणि बाकीच्यास्नी?”

“हितल्या सगळ्यांना ठाऊक. समोर आलास की तुझा आवाज चार गल्ल्या जातोय आणि मेलवर ‘कृपया’. माणसं काय खुळी हायत?”

म्हणजे माझ्या रागाचा एक शब्द कधी पोचला नाही. मी ज्याला माझा दरारा समजत होतो, तो त्या म्हाताऱ्याचा सभ्यपणा होता, माझ्या सहीनिशी. उत्तरांखाली शेपटी राहिली असती तर तो मला तिथंच दिसला असता, म्हणून तर ते ती कापायचे. आयुष्यभर दुसऱ्याच्या तारेतलं अक्षर न बदललेल्या माणसानं सगळी कसर माझ्यावर काढली. आणि तुम्ही सगळे बघत होतात.

आता ग्रुप एक तरुण इंजिनियर चालवतो. तो काही वाचत नाही, मेल आपोआप सुटते. परवा मी शिरोलीच्या त्याच फौंड्रीवाल्याला दोन गोष्टी लिहिल्या. अगदी नेहमीसारख्या. त्या तशाच्या तशा गेल्या. तो आता माझा फोन उचलत नाही. नंतर मी राजारामपुरीत गेलो. कॅफे बंद झालाय, तिथं मोबाईलची कव्हरं विकतात. तरी थोडा वेळ खाली उभा राहिलो.

मास्तरांचं प्रकरण मी सोडून देईन. गेलेल्या माणसाशी घासाघीस करता येत नाही. पण एक गोष्ट हिशेबात बसत नाही, आणि ती बसल्याशिवाय मी गप्प राहणारा माणूस नाही. हातगाडी. चढाला पुढं यासीन ओढायचा आणि मागून मी ढकलायचो, हे खरं आहे. पण बाहेर मी कायम उलटं सांगत आलोय, की पुढं मी असायचो. बायकोला तेच सांगितलं, पोरांना तेच, मास्तरांनाही तेच. खरं काय ते जगात दोनच माणसांना ठाऊक. मग मास्तरांच्या मेलमध्ये ते आलं कुठून?

यासीन, हे तुला विचारतोय. माझी मेल मास्तरांच्या टेबलावर रात्रभर पडून होती. तेवढ्यात त्यांनी तुला फोन केला, की तूच त्यांना केलास? ती चार वाक्यं तुम्ही दोघांनी मिळून लिहिलीत का? तुला आलेलं पत्र तूच लिहिलंस का? आणि मी खरं काय लिहिलं होतं, ते मास्तरांनी तुला वाचून दाखवलं होतं का? ‘आजपासून तू मला मेलास’ हे ऐकूनही तू दुसऱ्या दिवशी मला ये म्हणालास आणि स्टँडवर घ्यायला आलास का? हो की नाही, एवढंच सांग. फोनवर नको, चहा पाजून नको. ग्रुपवर लिही, सगळ्यांसमोर, खाली नाव आणि गाव घालून. जबाब दे.